वेगवेगळ्या सेटांमधले चार जुने ड्रम जमलेत. यांचा एक छोटा सेट होईल का?

चौथा मजला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण गेलं दीड वर्ष मी यातच आहे, तेव्हा वेळ काढून वाचा ही विनंती.

आम्ही तिघं वाजवतो. पियानो, डबल बेस आणि मी. जागा लहान, ऐकणारे दोन हातांवर बसलेले, निम्मा वेळ माझ्या हातात काठ्यांऐवजी तारांचे ब्रश. माझा 22 इंची बेस ड्रमचा सेट तिथे सगळ्यांना दाबून टाकायचा. त्यात घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. शेवटी तो सेट देऊन टाकला आणि ठरवलं, आता लहान सेट करायचा, आणि आवाज 1960 च्या दशकातल्या जॅझच्या रेकॉर्डवर ऐकू येतो तसा हवा. छोटा, ऊबदार, ठोका पडला की पटकन विरणारा.

त्या काळचा अख्खा छोटा सेट मिळणं आणि परवडणं दोन्ही कठीण. लुडविग कंपनीचा जॅझेट म्हणून सेट होता, 18 इंची बेस, 12 आणि 14 चे टॉम (काठीने वाजवायचे, बेसपेक्षा लहान ड्रम). जॅझ ड्रमर टोनी विल्यम्सच्या ग्रेच कंपनीच्या सेटचीही हीच मापं. असे सेट हातात पडत नाहीत, म्हणून सुटे ड्रम घेत गेले. आजवर जमलेलं असं (मापं इंचांत, आधी व्यास, मग खोली):

लुडविगचा 14×14 फ्लोअर टॉम, म्हणजे पायांवर उभा राहणारा. कीस्टोन आकाराचा बॅज (नावाची पट्टी) आहे, म्हणजे 1969 च्या आधीचा. तीन थरांचं पातळ शेल, म्हणजे ड्रमचं लाकडी नळकांडं, आत दोन्ही कडांना लाकडाच्या कड्या, आतून पांढरा रंग. बाहेरून निळं, चमचमतं स्पार्कल आवरण. पाय हरवलेत.

प्रीमियर या ब्रिटिश कंपनीचा 12×8 टॉम. पांढरं, मोतिया पर्ल आवरण, आता पार पिवळट. याच्यावर मी नवं 12 इंची हेड, म्हणजे वाजवायचा ताणलेला पडदा, चढवायला गेले, तर ते बसेचना. कडेवरच अडकतं.

जपानी 16×16 फ्लोअर टॉम. बॅजवरचं नाव कोणी ऐकलेलं नाही. लाल. याचा बेस ड्रम करावा असं मनात आहे.

लुडविग अ‍ॅक्रोलाइट स्नेअर, 14×5, अ‍ॅल्युमिनियमचा, 8 लगचा (लग म्हणजे हेड ताणायचे बोल्ट बसतात ते ठोकळे). खालच्या हेडला लागून खरखरणाऱ्या तारा सोडायचा लिव्हर तुटलाय.

विचारायचं आहे ते हे. प्रीमियरच्या टॉमचं काय करू? 16 इंचीचा बेस ड्रम खरंच चालेल का? रंग चार तऱ्हेचे आहेत, तर सगळ्यांवर एकच नवं आवरण चढवू का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेगवेगळ्या लाकडांचे, वेगळ्या देशांतले ड्रम कधी एका सेटसारखे वाजतील का? परवा रात्री मी चारही शेल नुसते बोटाने टिचकी मारून ऐकत बसले होते. लुडविग घुमतो. लाल जपानी ड्रम बद्द वाजतो, तडा गेलेल्या मडक्यासारखा. त्याने जीव थोडा खचला.

लाकूडकान

ताई, लाल ड्रमवरून जीव खचू देऊ नका. तुमच्या चार ड्रमांपैकी मला सगळ्यात जास्त आशा त्याचीच वाटते. सविस्तर लिहितो, कारण मी असे तीन सेट जुळवलेत आणि पहिल्या वेळी सगळ्या चुका केल्यात.

आधी प्रीमियर. साधारण 1968 च्या आधीच्या प्रीमियर टॉमचं माप आजच्या हेडपेक्षा किंचित मोठं असतं. प्लास्टिकची हेड बाजारात आली ती 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी कातडं रिंगेवर मढवायचे, तेव्हा प्रत्येक कंपनीचं स्वतःचं माप खपून जायचं. आज सगळी हेड एका मापाची आणि तुमचा टॉम जुन्या मापाचा. खात्री करायची असेल तर कापडी टेपने शेलचा घेर मोजा, 3.1416 ने भागा, की व्यास मिळेल. 12 इंच म्हणजे 304.8 मिमी. आजच्या 12 इंची टॉमचं शेल बाहेरून साधारण 302 च्या आसपास भरतं, तेवढी जागा हेडला लागतेच. तुमचं 305 च्या वर आलं तर विषय संपला.

लोक सांगतील की शेल बाहेरून घासा. कृपा करून घासू नका. बर्च लाकडाचं, आत बीचच्या कड्या असलेलं ते शेल साठ वर्षं टिकलंय. ज्याच्याकडे त्याच सेटचे बाकीचे ड्रम आहेत आणि 12 इंची नाही, असा कोणीतरी तो शोधत असणार. त्याला द्या आणि बदल्यात चालणारा टॉम घ्या. घेताना नवं हेड सोबत न्या. हेड शेलवर नुसतं ठेवलं की आपल्या वजनाने खाली बसलं पाहिजे आणि बोटाने गोल फिरलं पाहिजे. कुठे अडलं तर शेल अंडाकृती झालंय, मग रंग कितीही सुंदर असो, परत ठेवा. हूपची, म्हणजे हेड दाबून धरणाऱ्या कडीची, भोकंही मोजा. ग्रेचच्या 12 इंचीला 5 लग असतात, इतर बऱ्याच जणांच्या 6. हूप हरवलेला 5 लगचा ड्रम स्वस्तात मिळाला म्हणून मी घेतला होता, आणि हूपसाठी वर्षभर थांबलो.

आता तुमचा लाल ड्रम. त्या काळात जपानमध्ये तेच कारखाने शेकडो नावांचे बॅज लावून ड्रम बाहेर पाठवायचे, म्हणून नाव ओळखीचं नाही. होशिनो या जपानी कंपनीचे ड्रम तेव्हा स्टार नावाने यायचे, 1974 पासून तेच टामा झाले. शेल बहुधा लुआन लाकडाचं असेल. मऊ, हलकं, तपकिरी-गुलाबी, रेषा लांब आणि उघड्या. या लाकडाचा आवाज मुळातच खोल आणि लवकर विरणारा असतो, म्हणजे तुम्हाला हवा तोच. बद्द वाजतोय तो लाकडामुळे नसावा. या ड्रमांच्या कडा कारखान्यातच ओबडधोबड निघायच्या, आणि हेड कडेला सगळीकडून टेकलं नाही तर कुठलाही ड्रम मेल्यासारखाच वाजतो.

तपासायची रीत सोपी आहे. जाड काचेचा सपाट तुकडा घ्या, टेबलावर ठेवा. हेड काढलेलं शेल त्यावर पालथं घाला, आत टॉर्च ठेवा, खोलीतला दिवा मालवा. काच आणि कडेच्या मधून जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे कड खाली गेलीय. आधी काच खरंच सपाट आहे ना हे शेल फिरवून बघा. रेघ शेलबरोबर फिरली तर दोष शेलचा, जागेवर राहिली तर काचेचा.

दुरुस्तीसाठी त्याच काचेवर 150 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. कडेच्या माथ्यावर पेन्सिलने आडव्या रेघा मारा, बोटभर अंतरावर, पूर्ण गोलाकार. शेल दोन्ही हातांनी धरून हलक्या हाताने गोल घासा आणि दर दहा-बारा फेऱ्यांनी शेल पाव वळसा फिरवून परत धरा. हे फार महत्त्वाचं आहे. आपला एक हात नेहमी जास्त दाबतो, आणि शेल फिरवलं नाही तर आपण एक उतार काढताना दुसरा उतार घडवतो. पेन्सिल सगळीकडून गेली की थांबा. मग माथा सपाट झालेला असेल, तो 220 च्या कागदाने हाताने गोलसर करा. तीक्ष्ण 45 अंशांची कड काढायच्या भानगडीत पडू नका. जुन्या ड्रमांच्या कडा गोलसर असतात, हेडला लाकूड जास्त भिडतं, आणि तुम्ही ज्याला ऊब म्हणता ती बरीचशी तिथून येते. शेवटी कडेवर साध्या मेणबत्तीचा हलका हात फिरवा.

लुडविगच्या कडेला हात लावू नका. उजेडाची रेघ दिसलीच तर आधी इथे लिहा.

बोल्टांबद्दल एक. आजचे बहुतेक टेन्शन रॉड 12-24 आट्यांचे असतात, म्हणजे इंचात 24 आटे. जुन्या ब्रिटिश आणि जर्मन ड्रमांचे वेगळे असू शकतात. कुठलाही रॉड आधी बोटाने तीन वळसे बसवा. बोटाने जात नसेल तर चावी लावू नका, लगमधल्या पितळेच्या नटाचे आटे एका झटक्यात जातात. लग उघडलेच आहेत तर आतल्या स्प्रिंगाभोवती फेल्टची पट्टी गुंडाळा, नाहीतर प्रत्येक ठोक्याला त्या किणकिणतात.

जुनी चावी

लाकूडकान यांनी कडांचं सगळं सांगितलंच आहे. मी आवरणाबद्दल कळकळीने सांगतो.

त्या काळातले पर्ल आणि स्पार्कल बहुतांशी सेल्युलॉइडचे. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून ते बनतं. पिवळट पर्लवर अंगठा जोरात घासा आणि लगेच हुंगा, कापराचा बारीक वास येईल. हे भयंकर ज्वालाग्राही असतं. आवरण सोडवण्यासाठी हीट गन लावायचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. जुन्या सेल्युलॉइडला तो लावू नका. अ‍ॅसिटोनने पुसूही नका, पृष्ठभाग विरघळून चिकट होतो. ओलसर मऊ कापड, साबणाचा थेंब, बस.

नवं आवरण चढवावं का? माझं मत स्पष्ट नाही असं आहे. ते पिवळेपण वयाचं आहे, ते परत मिळवता येत नाही. शिवाय जुन्यावर नवं चढवलं तर शेलचा घेर वाढतो आणि प्रीमियरचं जे झालं तेच लुडविगचं होईल. चार रंग खटकत असतील तर बाकीच्या गोष्टी एक करा. चारही ड्रमांवर वरून एकाच जातीची पांढरी खरखरीत हेड घाला, सगळे हूप घासून चकचकीत करा. समोरून बघणाऱ्याला आधी पांढरी वर्तुळं आणि चमकत्या कडाच दिसतात. ब्रशला खरखरीत हेड लागतंच, ते वेगळं.

क्रोमवरचा गंज काढायला स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून पाण्यात बुडवा आणि घासा. क्रोम अ‍ॅल्युमिनियमपेक्षा खूप कठीण, म्हणून ओरखडे पडत नाहीत. पण आधी क्रोमच आहे ना बघा. निकेल असेल तर त्याची झाक पिवळसर, मऊ असते. ते असं घासलं तर उतरतं.

फ्लोअर टॉमचे पाय घेताना ब्रॅकेटचं भोक मोजा. 9.5, 10.5 आणि 12.7 मिमी अशा जाडीचे पाय मिळतात. मोठ्या भोकात बारीक पाय घालून स्क्रू आवळला की वाजवताना ड्रम हळूहळू खाली बसत जातो.

चौथा मजला

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री घेर मोजून भागला. प्रीमियरचा व्यास 305.5 मिमी. तेव्हा तो जातोय. शेल घासायचा विचार माझ्या डोक्यात होता, तो काढून टाकला.

टॉर्च लावून लाल ड्रम बघितला. एका बाजूला, जिथे शेलचा सांधा आहे बरोबर तिथे, वीतभर लांबीची उजेडाची पट्टी. पोस्टकार्ड आरपार गेलं. इतके दिवस मी लाकडाला दोष देत होते.

बेस ड्रमचं कोणी सांगेल का? शेलला नवी भोकं पाडायची नाहीत, हा माझा हट्ट आहे.

पाय आणि पॅडल

हट्ट चांगला आहे आणि पाळता येतो. मी 16 इंचीच बेस वाजवतो, आठ वर्षं झाली.

पहिली अडचण उंचीची. 16 इंची ड्रम जमिनीवर आडवा ठेवला तर त्याचं केंद्र 8 इंचांवर, म्हणजे 20 सेंमीवर येतं. पायाच्या पॅडलचा बीटर, म्हणजे ड्रमवर आपटणारा गोळा, त्याच्या बराच वर, जवळजवळ हूपजवळ आपटतो, आणि तिथे आवाजात पोट नसतं. बीटरची दांडी खाली ओढून चालतं असं वाटेल, पण दांडी आखूड झाली की पॅडलचा झोका बदलतो, पायाला ते ओळखीचं राहत नाही. त्यापेक्षा ड्रमच उचला. त्यासाठी लोखंडी लिफ्ट मिळते, ती खालच्या दोन टेन्शन रॉडना धरून बसते आणि पॅडल ड्रमच्या हूपला न चावता तिच्या पट्टीला चावतं. ड्रम दोनेक इंच वर आला की पुरे.

पुढचे पाय हूपला पकडणारे घ्या, क्लॅम्पचे. भोक नको. फ्लोअर टॉमचे जुने ब्रॅकेट काढू नका, राहू द्या तसेच. उद्या कोणाला परत फ्लोअर टॉम करायचा असेल तर होईल. आणि 12 इंची टॉम बेस ड्रमवर बसवायचा नादच सोडा. प्रत्येक कंपनीचा होल्डर वेगळा, दांडी वेगळी. टॉम सरळ स्नेअरच्या स्टँडवर ठेवा. 12 इंची त्यात नीट बसतो, भोकाचा प्रश्नच मिटतो आणि घुमाराही मोकळा राहतो. फक्त स्टँडचे हात घट्ट आवळू नका, तेवढ्यानेही टॉम गुदमरतो.

दुसरी अडचण सूर जुळवण्याची, आणि ही खरी. तुमचा बेस 16 चा आणि फ्लोअर टॉम 14 चा. दोघं जवळजवळ एका मापाचे. नीट लावले नाहीत तर दोन्ही एकच बोलतात आणि बेस ड्रम आहे हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. मी असं करतो: बेसच्या मागच्या हेडला, म्हणजे बीटर लागतो त्या बाजूला, सुरकुत्या जाईपर्यंत ताणायचं आणि वर पाव वळसा. पुढचं हेड त्याच्यापेक्षा थोडं वर. पुढच्या हेडला भोक नाही. मागच्या हेडखाली दोन बोटं रुंद फेल्टची पट्टी, मध्यापासून जरा बाजूला. त्याने घुमारा राहतो आणि शेपूट तेवढं कापलं जातं. मग फ्लोअर टॉम तुम्हाला सवय असेल त्याच्यापेक्षा वर न्या. त्याला सा धरला तर छोटा टॉम मध्यमावर ठेवा. एवढं अंतर पडलं की चार ड्रम चार ठिकाणचे असले तरी कान ते एका घरातले मानतो. लाकूड वेगळं असण्याची तुमची जी भीती आहे, त्याचं उत्तर मला तरी इथेच मिळालं. हेड एका जातीची आणि सुरांतली अंतरं ठरवलेली. बर्च की लुआन हे त्यानंतर.

चौथा मजला

सहा आठवड्यांनी लिहितेय, कारण अर्धवट काहीतरी सांगायचं नव्हतं.

प्रीमियर गेला. ज्यांनी घेतला त्यांच्याकडे त्याच पांढऱ्या पर्लचे बाकीचे ड्रम होते. त्यांनी तो हातात घेऊन बॅजवरून अंगठा फिरवला तेव्हा मला बरं वाटलं. बदल्यात 12×8 चा जपानी टॉम मिळाला, लुआनचाच, 6 लगचा. हेड सोबत नेलं होतं. ठेवल्याबरोबर खाली बसलं आणि फिरलं.

लाल ड्रमची कड दोन रविवार घासली. सांध्याजवळच्या पेन्सिलच्या चार रेघा जाता जाईनात. बाकी सगळीकडे लाकूड स्वच्छ, आणि तिथे तेवढ्या चार रेघा. दर वेळी वाटायचं, पुरे झालं, हेड दाबून बसेल. पाव वळसा फिरवून परत धरायचे. शेवटची रेघ गेली तेव्हा कागदावर गुलाबी भुसा होता आणि खोलीभर लाकडाचा कोरडा वास. कड गोलसर केली, मेण लावलं, हेड चढवलं, अजून चावी न लावता बोटांनीच आवळलं आणि मधोमध टिचकी मारली. घुमला. मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.

सूर तुम्ही सांगितलेत तसेच लावलेत. फ्लोअर टॉम इतका वर न्यायला मन तयार नव्हतं, पण बेस ड्रम त्यामुळेच खाली मोकळा झाला. पहिल्या तालमीत डबल बेसवाल्याने थांबून विचारलं की आज काय वेगळं आहे, त्याला त्याच्या खालच्या तारा ऐकू येताहेत. रंग तिन्ही तसेच ठेवलेत. निळा, लाल आणि नव्या टॉमचा सोनेरी.

लुडविगच्या ब्रॅकेटला 9.5 चे पाय बसले. चार जिन्यांचं म्हणाल तर आता दोन फेऱ्यांत सगळं वर येतं, आधी चार लागायच्या.

राहिलाय तो अ‍ॅक्रोलाइटचा लिव्हर. तोवर तारा कायमच्या आवळून वाजवतेय, त्यामुळे मॅलेट (मऊ डोक्याच्या काठ्या) घेतले की स्नेअर उगाच खरखरत राहतो. शेलवरच्या दोन भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजून ठेवलंय. उभ्या खाचा असलेले लिव्हर मिळतात, त्यात स्क्रू वर-खाली सरकतो, असं वाचलं. ते अशा जुन्या शेलवर कोणी नवं भोक न पाडता बसवलेत का? बसवले असतील तर फोटो टाका, मी माप देते.